एकदा सिझर, की कायम सिझर?

‘पहिलं सिझर झालंय ना, मग दुसरंही सिझरच’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. हे वाक्य न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांचं, १९१६ सालचं. त्यांचा रोख खरं तर डॉक्टरांवर होता: पहिलं सिझर उगाच करू नका, पुढची बाळंतपणं अवघड होतात. तेव्हा गर्भपिशवीला वरच्या भागात उभा छेद घेत. पुढच्या खेपेला कळा आल्या की तो उसवायची भीती मोठी. नंतर खालच्या भागात आडवा छेद घेऊ लागले, धोका बराच कमी झाला. वाक्य मात्र तसंच राहिलं!

अमेरिकेत बायकांनीच त्याला हात घातला. नॅन्सी वेनर कोहेन आणि लोइस एस्टनर यांनी १९८३ साली यावर पुस्तक लिहिलं. १९९६ पर्यंत तिथे आधी सिझर झालेल्या १०० पैकी २८ जणी नॉर्मल बाळंत होत होत्या. मग पिशवी फाटल्याची प्रकरणं, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि दहा वर्षांच्या आत आकडा १० च्या खाली. बायकांचं मन बदललं म्हणून नव्हे. बऱ्याच दवाखान्यांनी दारं लावली, असं आम्हाला वाटतं.

कुणाला कळांची भीती वाटते, कुणाला टाक्यांची. दोन्ही खऱ्या. आडव्या छेदानंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या १००० पैकी साधारण ५ जणींची पिशवी फाटते, म्हणून तो घरी नाही, तातडीने ऑपरेशन होईल अशाच ठिकाणी. पोटावरची खूण आडवी असली तरी आतला छेद उभा असू शकतो. तो डॉक्टरांना विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि ते कार्ड जपून ठेवा.