खेळाच्या दुकानाचे दप्तर

दुकानदाराने चोपडी ठेवावी, यात नवे असे काहीच नाही. कोणत्या घरी महिन्याला किती साखर लागते, हे पेठेतल्या वाण्याला पाठ असते आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. ती नोंद त्याच्या दुकानात, गिऱ्हाईक समोर उभे असताना होते. परंतु उद्या साखरेच्या पुडीबरोबर त्याने आपला कारकूनही घरी धाडला, आणि तो कारकून फडताळात दुसऱ्या दुकानांतले कोणते जिन्नस आहेत तेही टिपू लागला, तर? संगणकावरील खेळांच्या व्यापारात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तो सर्वांत मोठ्याने विचारला गेला २०११ साली जर्मनीत. त्याची हकिकत श्रोत्यांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

या शतकाच्या आरंभापर्यंत संगणकाचा खेळ म्हणजे खोक्यात घालून विकलेली एक तबकडी असे. ती विकली गेली की दुकानदाराचा आणि खेळणाऱ्याचा संबंध संपला. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी ‘स्टीम’ नावाचे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती दिले, आणि हा व्यवहार पालटू लागला. खेळांतील दुरुस्त्या घरबसल्या पोचवाव्यात आणि लबाडी करणाऱ्यांना आळा घालावा, हा त्यामागील हेतू होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये, ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ बाजारात आला, तेव्हा दुकानातून रोख पैसे मोजून तबकडी आणणाऱ्यालाही स्टीमवर खाते उघडल्यावाचून तो खेळता येईना. वस्तू विकत घेणारा माणूस त्या दिवशी खातेदार झाला. खाते म्हटले की नाव आले, पत्ता आला आणि केव्हा किती वेळ खेळला याची नोंदही आली.

जर्मनीतील ग्राहक संघटनांनी या बंधनाविरुद्ध दाद मागितली. खेळ माझा, तर तो दुसऱ्याला विकण्याचा हक्कही माझा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ११ फेब्रुवारी २०१० रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. तबकडी विकावयाची तर खुशाल विकावी. खाते मात्र दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही, ही अट न्यायालयाने ग्राह्य धरली. खेळ आणि खेळणारा यांची गाठ अशी कायद्यानेही पक्की झाली.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे पुढचा प्रसंग नीट उमगतो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने जून २०११ मध्ये ‘ओरिजिन’ नावाचे आपले स्वतंत्र दुकान उघडले. तिचा युद्धपट ‘बॅटलफील्ड ३’ त्याच ऑक्टोबरात यावयाचा होता, आणि ओरिजिनखेरीज तो संगणकावर खेळणे शक्य नव्हते. आता असल्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा लांबलचक करारनामा सहसा कोणी वाचीत नाही. या वेळी तो वाचला गेला. गिऱ्हाइकाच्या संगणकावर कोणती सॉफ्टवेअरे आहेत, त्यांचा वापर कसा होतो, कोणती उपकरणे जोडलेली आहेत, ही माहिती गोळा करण्याची, साठविण्याची आणि विक्रीवाढीच्या कामी वापरण्याची मुभा कंपनीने त्यात स्वतःकडे घेतली होती. ऑगस्टमध्ये ओरड झाली तेव्हा काही शब्द बदलले; पण संशय गेला नाही. खेळ बाजारात येताच काही जर्मन खेळाडूंनी ओरिजिन संगणकावरील कोणकोणत्या फायलींना हात लावते, याची नोंद घेतली आणि तिची चित्रे प्रसिद्ध केली. खेळाशी काडीमात्र संबंध नसलेल्या फायलीही त्यांत दिसत होत्या.

कंपनीने उत्तर दिले की ओरिजिन हे हेरगिरीचे साधन नव्हे, आणि दिसणारी हालचाल सॉफ्टवेअर बसविताना लागणाऱ्या परवानग्यांपुरती आहे. न्यायबुद्धीने सांगावयाचे तर, खासगी कागद वाचून बाहेर पाठविले जात होते असे त्या चित्रांवरून सिद्ध होत नव्हते. पण लोकांचा आक्षेप त्याहून खोल होता. पैसे मोजून खोके घरी आणल्यावर करारनामा पुढे येतो. ‘मान्य’ म्हणावे तर घराची किल्ली द्यावी लागते, ‘अमान्य’ म्हणावे तर पैसे बुडतात. याला संमती कसे म्हणावे? संतापलेल्या गिऱ्हाइकांनी विक्रेत्यांकडे पैसे परत मागितले. अखेर जर्मनीपुरता करारनाम्याचा मसुदा कंपनीने बदलला.

हा खेळ साऱ्या जगात विकला जात होता. मग जर्मनांनाच तो करारनामा इतका का झोंबला? याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. माहितीच्या संरक्षणाचा जगातील पहिला कायदा १९७० साली तेथील हेसेन या राज्याने केला. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सरकारने जनगणनेसाठी सविस्तर प्रश्नावली काढली, तेव्हा लोक घटना न्यायालयात गेले. जनगणना थांबली, आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की आपल्याविषयीची माहिती कोणी, किती आणि कशासाठी वापरावी हे ठरविण्याचा अधिकार मूलतः त्या व्यक्तीचाच आहे. यंत्राच्या युगात क्षुल्लक अशी माहितीच उरलेली नाही, कारण एक कण दुसऱ्याशी जोडला की त्यातून माणसाचे चित्र उभे राहते, हेही न्यायालयाने बजावले. पुढे पूर्व जर्मनीची राजवट कोसळली, आणि १९९२ पासून तिच्या गुप्त पोलिसांची दप्तरे नागरिकांना पाहावयास मिळाली. शेजाऱ्याने, सहकाऱ्याने, कित्येकदा घरच्याच माणसाने पुरविलेल्या बारीकसारीक नोंदी लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्या. अशा समाजाला ‘एवढ्याशा माहितीने काय बिघडते?’ हा प्रश्न भोळा वाटत नाही.

काय बिघडते, हे त्याच वर्षाने दाखवून दिले होते. एप्रिल २०११ मध्ये सोनी कंपनीच्या खेळांच्या जाळ्यात चोर शिरले आणि सुमारे ७ कोटी ७० लक्ष खात्यांची माहिती उघडी पडली. नोव्हेंबरात स्टीमच्या दप्तरातही चोर शिरल्याचे व्हॉल्व्हने स्वतःच जाहीर केले. दप्तर ठेवणाऱ्याचा हेतू निर्मळ असला तरी दप्तर पळविणाऱ्याचा नसतो.

त्यानंतर कायदे कडक झाले. युरोपचा नवा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. सवय मात्र सुटली नाही. मार्च २०१९ मध्ये एपिक गेम्स या कंपनीचे दुकान-सॉफ्टवेअर, विचारल्यावाचून, स्टीमच्या एका फाइलची प्रत संगणकावर करून ठेवते असे आढळले. तीत खेळणाऱ्याच्या मित्रांची यादी होती. परवानगीवाचून ती बाहेर पाठविली जात नाही, असे कंपनीने सांगितले. पण घाईत राहून गेलेली ही चूक दुरुस्त करण्याचेही तिच्या प्रमुखांनी कबूल केले. डिसेंबर २०२२ मध्ये, ‘फोर्टनाइट’ या खेळातून १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतल्याच्या आरोपावरून याच कंपनीने अमेरिकेत २७ कोटी ५० लक्ष डॉलरांचा दंड मान्य केला.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या आपल्या कायद्याने संमती ही मोकळी, समजून दिलेली आणि विनाअट असावी असे म्हटले, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने अमलात यावयाची असे ठरले.

परंतु कायद्याचे बळ शेवटी तो मागणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. जर्मनीत २०११ साली जे घडले ते कोण्या मंत्र्याने घडविले नव्हते. खेळावयास बसलेल्या सामान्य तरुणांनी आधी कागद वाचला, म्हणून ते घडले. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी आपल्याकडे म्हण आहे. ओसरी कोणाला आणि कुठवर द्यावयाची, हे ठरविण्याचा हक्क घरधन्याचा. आणि तो न बजावल्यास, घर त्याचे होते याचा पुरावा फक्त दुसऱ्याच्या दप्तरात सापडेल.