निकोडेमसचा पहिला हिवाळा

दोस्तहो, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या भल्या माणसांना ती अर्पण केली. हे आपण भाषणातून सांगतो, टाळ्या घेतो. पण सुटलेल्या त्या गुलामांचं पुढं काय झालं? ती बायामाणसं राहिली कुठं, थंडीत चुलीत काय घातलं, पोरांच्या पोटात काय गेलं? हे भाषणात येत नाही. मी सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला असतो. शाळा नववीत सुटली. पाळी संपली की हाताला लागेल ते वाचतो. वाचताना मला राजा आणि सेनापतीच्या आधी चूल दिसते. म्हणून आज एका गावच्या एका हिवाळ्याचा इतिहास मांडतो. गावाचं नाव निकोडेमस. अमेरिकेच्या मधोमध कॅन्सस नावाचं राज्य आहे, त्यात.

मागची हकीगत थोडक्यात सांगतो. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मननं हुकूम काढला आणि दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन सुटलेल्या गुलामांना कुटुंबामागं चाळीस एकरांपर्यंत वाटायला काढली. वर्ष संपायच्या आत अँड्र्यू जॉन्सन या नव्या राष्ट्राध्यक्षानं ती जुन्या मालकांना परत द्यायला लावली. बेडी तुटली, पायाखाली माती मात्र आली नाही. मग पुन्हा तोच मालक, तीच शेतं, फक्त आता वाट्यानं. १८७७ साली दक्षिणेत उरलेलं सरकारी फौजेचं राखणही उठलं. गोऱ्यांच्या टोळ्यांना रान मोकळं झालं.

पण एक दुसरा कायदा होता. १८६२चा, लिंकनच्या सहीचा. कुटुंबप्रमुखानं सरकारी पडीतली १६० एकर जमीन धरायची, तिच्यावर घर बांधून पाच वर्षं राहायचं, ती कसायची, थोडी फी भरायची. मग जमीन त्याची. १६० एकर! आपल्याकडं एवढ्यात एखादी वाडी बसते. १८७७ साली डब्ल्यू. आर. हिल नावाचा जमिनीतला एक गोरा दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचा एक काळा पाद्री यांनी मिळून निकोडेमस गाव काढलं आणि केंटकी राज्यातल्या काळ्या वस्त्यांत पत्रकं वाटली. सुपीक जमीन, झाडं, पाणी, शिकार, सगळं आहे, या. सप्टेंबरात तीनशेच्या वर माणसं निघाली. एलिस गावापर्यंत रेल्वे. तिथून पन्नासएक किलोमीटर पायी, सामानासकट, लेकरांसकट.

पोचल्यावर पाहिलं, तर गावच नव्हतं. नजर जाईल तिकडं गवत. आणि मुख्य गोष्ट, महिना सप्टेंबरचा. पेरणीचा हंगाम गेलेला, थंडी तोंडावर. कित्येकजण तिथूनच मागं फिरले. जे राहिले त्यांनी फावडी काढली.

घर बांधायला लाकूड नाही, वीट नाही, पैसा नाही. मग त्यांनी टेकाडाच्या पोटात खड्डे खणले. वर नदीकाठच्या झाडांच्या फांद्या टाकल्या, त्यावर काटक्या, त्यावर मुळासकट कापलेल्या गवताच्या ढेपा. पुढं दार, आत एका बाजूला चूल, धूर जायला एक भोक. आपल्याकडं जुन्या काळी ज्वारी पेवात ठेवायचे, तुमच्या आजीला विचारा. तसल्या पेवात ही माणसं राहिली. आई, बाप, म्हातारी, चार पोरं, एका खोलीत. वरून माती गळायची, भाकरीत पडायची. बर्फ वितळलं की भिंती पाझरायच्या. एक गोष्ट मात्र बरी होती, मातीच्या आत वारं लागत नव्हतं. उघड्या माळावर पारा शून्याच्या खाली उतरायचा तेव्हा त्या भोकातच जीव राहिला.

विलियाना हिकमन ही बाई १८७८च्या वसंतात, म्हणजे हा पहिला हिवाळा संपता संपता, नवऱ्याबरोबर आणि लेकरांबरोबर तिथं आली. तिनं पुढं आठवण सांगून ठेवली आहे. बरोबरचे पुरुष ओरडले, आलं निकोडेमस! ती इकडंतिकडं बघते तर घर दिसेना. विचारलं, कुठं आहे? नवऱ्यानं बोट दाखवलं. जमिनीतून धूर निघत होता. तिला रडू फुटलं. मित्रांनो, गुलामगिरी संपून तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती.

तो धूर कशाचा होता? तर सूर्यफुलाच्या वाळलेल्या दांड्यांचा. कॅन्ससच्या माळावर सूर्यफूल आपोआप उगवतं. आपल्या बाया तुराट्या-पऱ्हाट्या गोळा करतात तशा तिथल्या बाया त्या दांड्या मोडून भारे बांधायच्या. दांडी भुर्रकन पेटते, लगेच विझते. म्हणून दिवसभर भारे लागायचे. दुसरं सरपण रानगोवऱ्यांचं. बायसन नावाच्या रानटी जनावरांचे मोठमोठे कळप त्या माळावर चरायचे. कातड्यासाठी शिकाऱ्यांनी ते मारून टाकले. मागं राहिलं वाळलेलं शेण आणि हाडं. शेण चुलीत गेलं. हाडंही त्या मुलखात लोक गोळा करून विकायचे, खताला जायची. गोऱ्या शिकाऱ्यानं कातडं नेलं आणि गरिबाच्या पोटाला हाडांचा भाव आला.

खायला मक्याचं पीठ. जोडीला फासात ससा सापडला तर ससा. पाणी सॉलोमन नदीचं. पोरांनी काटक्या वेचायच्या, बायांनी सरपण, पाणी, चूल आणि आजारी माणूस सांभाळायचा, पुरुषांनी मजुरीला बाहेर पडायचं. रेल्वेच्या कामावर, गोऱ्या शेतकऱ्यांकडं, मिळेल तिथं. म्हणजे भर थंडीत घर सांभाळलं ते बायांनी. जमिनीचा अर्ज कुटुंबप्रमुखाच्या नावानं, आणि पाच वर्षं 'राहून दाखवायची' अट पाळली बाईनं. हे आपल्या सभेत मुद्दाम सांगा.

पीठही संपत आलं. तेव्हाची एक गोष्ट त्या गावची माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. शिकारीवरून परतणारे ओसेज जमातीचे लोक तिथून चालले होते. त्यांनी आपल्याजवळचं मांस या काळ्या माणसांना दिलं. याच ओसेजांना थोड्याच वर्षांपूर्वी कॅन्ससमधून उठवून दक्षिणेला नेऊन टाकलं होतं. सरकार जी 'पडीक' म्हणून वाटत होतं ती जमीन मुळात असल्याच जमातींची शिकारीची रानं होती. एकाला हुसकायचं, दुसऱ्याला रिकाम्या हातानं बसवायचं, आणि दोघांच्या भुकेवर दलाली खायची, असा तो कारभार. पण हुसकलेला आणि बसवलेला समोरासमोर आले तेव्हा हाणामारी झाली नाही, जेवण झालं. आपण भटक्यांशी, आदिवासींशी बोलायला जाऊ तेव्हा ही गोष्ट बरोबर न्यावी.

वसंत आला. आता नांगर पाहिजे, बैल-घोडे पाहिजेत. ते बहुतेकांकडं नव्हतेच. गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली ती जमीन कित्येकांनी फावड्यानं आणि कुदळीनं फोडली. १६० एकर कागदावर आणि हातानं फुटणारी जमीन घरामागच्या परसाएवढी! तरी गाव उभं राहिलं. झॅकरी फ्लेचर पहिला पोस्टमास्तर झाला, त्याच्या बायकोनं, जेनीनं, पोरांना शिकवायला घेतलं. बाबासाहेबांच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पोट भरायच्या आधी त्यांनी पाटी धरली. पुढं चर्च झाली, हॉटेल झालं, दोन वर्तमानपत्रं निघाली. तिथंच राहिलेला एडवर्ड मॅक्केब १८८२ साली अख्ख्या कॅन्सस राज्याचा हिशेबतपासनीस म्हणून निवडून आला. मग १८८८ साली रेल्वेनं गाव टाळून नदीपल्याडची वाट धरली, दुकानं तिकडं गेली, गाव ओसरलं. पण पुसलं गेलं नाही. १९९६ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं. दरवर्षी जुलैअखेर तिथल्यांची पोरंनातवंडं गावात जमतात, मुक्तीचा सण करतात.

आता हिशेब मांडा. त्या कायद्याखाली अमेरिकेत १६ लाखांच्या आसपास कुटुंबांना जमिनीचे कागद मिळाले. त्या मैदानी राज्यांत कागद मिळवणारे काळे सुमारे ३,५००. कायद्यात काळा-गोरा असा भेद लिहिलेला नव्हता. मग एवढा फरक का? कारण कायद्यानं जमीन दिली, पहिला हिवाळा दिला नाही. ज्याच्या गाठीला वर्षाचं धान्य आणि दावणीला बैल होता तो टिकला. ज्याच्या बापजाद्यांचं अडीचशे वर्षांचं काम फुकट लुटलं गेलं होतं, त्याच्या गाठीला काय असणार?

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९४२च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी ती मागणी कलमबद्ध केली. सरकारी पडीक जमिनीवर नवी गावं, आणि त्यासाठी केंद्रानं दरसाल ५ कोटी रुपये बाजूला काढायचे. त्याच मसुद्यात शेतीचं कलम आहे. ते काढून वाचा. जमीन राज्याच्या मालकीची, कसायची सामुदायिक, आणि पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं पुरवणं राज्याला बंधनकारक. आपण 'जमीन' हा एक शब्द घोषणेत घेतला. बैल आणि बियाणं कागदावरच राहिलं.

१९६४ साली ६ डिसेंबरला दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाला तोंड फुटलं, लाखो माणसं तुरुंगात गेली. गायरानं कसायला मिळाली तीही भांडून. माझ्या चुलत्यानं मराठवाड्यात असाच एक तुकडा धरला. बैल नाही, बी नाही. ज्याच्या बैलानं नांगरलं त्यानं निम्मं नेलं. दिवाळी झाली की चुलता-चुलती मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे, कोयत्यावर. अख्खा हिवाळा खोपटाला कडी. पाहणीला आलेल्याला जमीन पडीक दिसायची आणि तो तसंच लिहायचा.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांनो, पुढच्या मोर्चाचं निवेदन लिहाल तेव्हा 'भूमिहीनांना जमीन द्या' एवढ्यावर पूर्णविराम देऊ नका. खाली लिहा, बैलजोडी किंवा तिचं भाडं, बियाणं, पाणी, आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं धान्य. ही भीक नव्हे, पिढ्यांच्या कामाची थकलेली मजुरी आहे. आणि साहेब म्हणाला की एवढं कुठं असतं, तर १९४७चं ते कलम त्याच्या टेबलावर ठेवा.

जयभीम.