आवाजाचा माग

आपल्या पुरुषोत्तमनगरहून फार दूर नाही अशा नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या दिवसांत वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. खरी वार्ता लोकांपर्यंत पोचावी कशी? मुंबईतल्या काही तरुणांनी त्याचे उत्तर हवेत शोधले.

२७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी ही त्यातली मंडळी, पाठीशी डॉ. राममनोहर लोहिया. जमशेदपूरच्या संपाची बातमी या केंद्राने दिली, याचे आम्हा कामगार संघटनेतल्या माणसांना विशेष मोल वाटते. ही लहर हौशी प्रक्षेपकांच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातली. युद्ध सुरू होताच हौशींचे प्रक्षेपण सरकारने बंद केले होते. तेव्हा तिथे उठलेला आवाज सरकारी कानांना खटकणारच.

मग माग सुरू झाला. त्याची रीत साधी आहे. तारेच्या वेटोळ्याची चौकट फिरवीत जावे. तिचे सपाट अंग केंद्राकडे झाले की आवाज क्षीण होतो. त्या दिशेने नकाशावर रेघ ओढावी. दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही छेदतात तिथे केंद्र. मात्र शहरातल्या इमारती आणि तारा लहरींना परतवितात, त्यामुळे रेघ चुकते. शिवाय मागाला वेळ लागतो. म्हणून ही मंडळी थोडे बोलत आणि बिऱ्हाड हलवीत. पोलिसांच्या मोटारी मागे, केंद्र पुढे, असे अडीच महिने चालले.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस दारात उभे राहिले. एक तंत्रज्ञ त्यांच्या हाती लागला होता आणि त्याने ठिकाण सांगितले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी तोंड उघडले नाही.

आज हीच विद्या हौशी मंडळी निराळ्या कामी लावतात. डोंगरावरचे त्यांचे पुनःप्रक्षेपक यंत्र दुबळा आवाज ऐकून जोरात पुढे पाठविते. कुणाच्या संचाचे बटण अडकले, तर साऱ्यांचेच बोलणे थांबते. अशा वेळी यंत्र ज्या लहरीवर बोलते ती सोडून, ज्या लहरीवर ऐकते तिच्यावर माग काढावा लागतो. नाहीतर शोधणारा फिरून डोंगरावरच पोचतो.

चौकट रेघेपर्यंत नेते. १९४२ साली दारापर्यंत माणसाने नेले. कोणत्याही संघटनेने हे ध्यानात ठेवावे, एवढेच आमचे सांगणे.