तंबूची फट

१६७४ साली चीनची सम्राज्ञी बाळंतपणात गेली. मागे राहिलेल्या यिनरंगला सम्राट कांगशीने दीड वर्षाचा असतानाच युवराज करून टाकलं. बापाने त्याला स्वतः शिकवलं, लाड केले. अडचण एकच, बाप दीर्घायुषी निघाला.

तीस-बत्तीस वर्षं वाट बघणारा वारस म्हणजे दरबारात दुसरं सत्ताकेंद्रच. त्याच्याभोवती माणसं जमली, भाऊ टपून बसले. १७०८ मध्ये शिकारीच्या दौऱ्यावर कांगशीने सगळ्यांसमोर रडत रडत त्याला पदावरून काढलं. आरोपांतला एक असा: हा रात्री माझ्या तंबूच्या फटीतून आत डोकावतो. (मी या फटीपाशीच अडकते. बाप झोपलाय की गेलाय, हे बघत असेल तो? की बापालाच तसं वाटत होतं?)

पुढे थोरल्या भावाने त्याच्यावर जादूटोणा करवल्याचा आळ आला आणि १७०९ मध्ये युवराजपद परत मिळालं. १७१२ मध्ये पुन्हा गेलं, कायमचं. कांगशी १७२२ मध्ये वारला. यिनरंग १७२५ मध्ये, कैदेतच.

गादी मिळाली चौथ्या मुलाला, योंगचंगला. त्याने युवराज जाहीर करणंच बंद केलं. वारसाचं नाव कागदावर लिहिलं, पेटीत घातलं आणि ती पेटी महालातल्या एका फलकामागे उंचावर ठेवून दिली.