मोहाचे झाड आणि आबकारीचा कायदा

दिवाळीच्या फराळापुढे दारूचा विषय काढला, तर घरातील वडीलधारी मंडळी माझ्याकडे डोळे वटारून पाहतील. परंतु मला सांगावयाचे आहे ते दारूच्या गुणदोषांविषयी नव्हे. एका झाडाविषयी आणि त्याच्या आधाराने चालणाऱ्या लहानशा धंद्याविषयी.

जळगाव जिल्ह्यातील यावल-चोपड्यापासून शिरपूर, तळोदे, अक्राणीपर्यंत पसरलेल्या सातपुड्यात मोह हा भिल्ल-पावऱ्यांचा खरा सोबती. चैत्राच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांवरून त्याची रसाळ, गोड फुले पहाटे टपटप गळू लागतात. गुरांनी तोंड लावण्याआधी ती वेचावयाची आणि अंगणात वाळवावयाची, हे बायकापोरांचे काम. वाळलेले फूल पुष्कळ दिवस टिकते. अडीअडचणीला पोटास आधार होतो, बियांचे तेल निघते, आणि फुले आंबवून भट्टीवर दारूही गाळता येते. लग्नात ती हवी, देवकार्यात हवी. नांगरट नाही, पेरणी नाही. भांडवल म्हणाल तर एक मडके आणि एक नळी!

मुंबई इलाख्यात १८७८ साली नवा आबकारी कायदा झाला. परवान्यावाचून दारू गाळणाऱ्याला शिक्षा आणि त्याच्या झोपडीची झडती, असा त्याचा बडगा. रानोमाळ विखुरलेल्या भट्ट्यांवर कर बसविणे अवघड. एका मध्यवर्ती भट्टीतून निघणाऱ्या मालाचे माप घेणे सोपे. सरकारी धोरणाचे मर्म मला तरी एवढेच दिसते. ज्याच्या दारात फुले, त्यालाच आता मक्तेदाराच्या दुकानी पैसे मोजावे लागले. आणि पैसे नसले की उधारी होतीच. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी तर खुद्द फुलांवरच निराळा कायदा आला. दारू राहो बाजूला, फुले जवळ बाळगण्यावरही बंधन!

ज्या इंग्रजांनी हे कायदे केले, त्यांच्या घरचा इतिहास मात्र पाहण्याजोगा आहे. तिकडे शेतकरी आपल्या बागेतील सफरचंदांचा रस आंबवून ‘सायडर’ नावाचे पेय करतो. १७६३ साली पार्लमेंटने त्यावर कर बसविला आणि वसुलीसाठी अंमलदारांना घरात शिरण्याची मुभा दिली. त्याबरोबर सायडरच्या मुलुखात एकच गहजब उडाला. आपल्या घरात सरकारी माणूस का म्हणून शिरणार, हा त्यांचा सवाल. अवघ्या तीन वर्षांत, १७६६ साली, तो कर रद्द झाला. तेथील शेतकऱ्याला पार्लमेंटात कैवारी होते. आमच्या भिल्लाला कोण होता?

तरीही भिल्ल समाजाला आपले हित कळत नव्हते असे कोणी समजू नये. १९३७-३८च्या सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडण्याचा उपदेश केला. ते स्वतः भिल्ल. त्यांच्या आरतीला हजारो लोक जमू लागले. लहानथोर सारे एकमेकांना ‘आप’ म्हणू लागले. महाराजांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य चालविले. ही दारूबंदी कोणा अंमलदाराने लादलेली नव्हती. ती लोकांनी आपण होऊन स्वीकारली होती.

पुढे स्वराज्य आले. १९४९ सालचा दारूबंदी कायदा झाला आणि मोहाच्या फुलांवरचा पहारा कायम राहिला. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षांच्या वाइनसाठी खास धोरण आखले, करात सवलती दिल्या. मोहाची फुले वेचणे, साठविणे आणि वाहून नेणे यांवरील बंधने उठावयास मात्र २०२१ साल उजाडावे लागले. गाळण्यास परवाना आजही लागतोच.

दारू वाईट हे मला मान्य आहे. पण मग द्राक्षाला एक न्याय आणि मोहाला दुसरा का? बागाईतदाराच्या मळ्यात पिकते तो उद्योग आणि भिल्लाच्या अंगणात वाळते तो गुन्हा, हा हिशेब मला अजून उमगलेला नाही. दारू सोडावयाची, तर ती गुलाम महाराजांच्या वाटेने सुटावी; आणि धंदा म्हणून ती करावयाची, तर फूल वेचणाऱ्या हाताला त्यात पहिला वाटा असावा.