शिकारीतील दूरपल्ल्याची नेमबाजी

मोठ्या वन्य प्राण्यावर दूरवरून रायफल झाडताना त्याचे अंतर अजमावून, गोळी वाटेत किती खाली उतरेल व वाऱ्याने किती बाजूला सरकेल, याचा झटपट हिशेब करण्याची ही पद्धती होय. हा हिशेब काही सेकंदांतच उरकावा लागतो व तो चुकल्यास त्याचे फळ शिकाऱ्याला नव्हे, तर जनावराला भोगावे लागते. पोटात गोळी लागलेले हरिण कोसांवर जाऊन तडफडून मरते आणि बहुधा सापडतही नाही.

घनदाट अरण्यातील शिकारीत हा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. भारतात मचाणावरून किंवा हत्तीवरून वाघावर गोळी झाडली जाई ती बहुधा अगदी जवळून. मार्खोर, आयबेक्स यांसारख्या हिमालयातील प्राण्यांच्या मागावर जाणाऱ्यांना, तसेच स्कॉटलंडमधील डोंगराळ प्रदेश, आफ्रिकेतील माळराने व उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वत येथील शिकाऱ्यांना मात्र त्याला तोंड द्यावे लागले.

निर्वात जागेत फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्ताकार असतो, हे गॅलिलीओ यांनी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले होते. बेंजामिन रॉबिन्झ या इंग्रज गणितज्ञांनी १७४२ मध्ये लंबकाच्या साहाय्याने गोळीचा वेग मोजला, तेव्हा हवेचा रोध समजुतीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे उघड झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बॅशफोर्थ, रशियात मायेव्हस्की व इटलीत सियाच्ची यांनी या रोधाची मोजमापे व गणिते सिद्ध केली. हे सारे तोफखान्याच्या गरजेपोटी झाले. शिकाऱ्यांच्या हाती त्याचा लाभ बराच उशिरा पडला.

शिकाऱ्यांनी तोवर वेगळाच मार्ग धरला होता. हिशेब करण्यापेक्षा हिशेबाची गरजच कमी करावी, असा तो मार्ग. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या गोळीचा आरंभीचा वेग सेकंदाला ४०० मी.पेक्षाही कमी असे आणि ३०० यार्ड जाईतो ती ३ मी.हून अधिक खाली येई. त्यामुळे मागील लक्ष्यकाची पट्टी अंतरानुसार बदलावी लागे. अंतर चुकले की नेम चुकलाच. १८५६ मध्ये लंडनचे बंदूककार जेम्स पर्डी यांनी हलकी गोळी व भरपूर दारू वापरणारी रायफल काढली आणि तिला आगगाडीवरून ‘एक्सप्रेस’ हे नाव मिळाले. हिच्या गोळीचा मार्ग सुमारे १५० यार्डांपर्यंत बराच सपाट असल्याने पट्टी न बदलता नेम धरता येई. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्ह्येय यांनी धूरविरहित दारू शोधली व विसाव्या शतकाच्या आरंभी टोकदार गोळ्या रूढ झाल्या. वेग जवळजवळ दुप्पट झाला.

या सोयीचा पुरेपूर उपयोग अमेरिकन लेखक जॅक ओकॉनर यांनी केला. १९२५ मध्ये आलेल्या .२७० विंचेस्टर काडतुसाचे ते मोठे पुरस्कर्ते होते. रायफल १०० यार्डांवर सुमारे ३ इंच वर लागेल अशी जुळवावी. मग साधारण ३०० यार्डांपर्यंत नेम सरळ छातीवर धरावा, हिशेब करूच नये, असा हा नियम. प्रस्तुत विषयातील सर्वांत शहाणपणाचा नियम हाच म्हणावा लागेल, कारण घाईत केलेले उत्तम गणितही न केलेल्या गणिताइतके बिनचूक नसते.

त्यापलीकडे मात्र गणित चुकवता येत नाही. तशा रायफलीत ३०० मी. अंतर समजून ५० मी.ची चूक झाली, तर गोळी १२–१५ सेंमी. सरकते, ५०० मी.वर तेवढ्याच चुकीने ती ३० सेंमी.हून अधिक सरकते. हरणाच्या छातीची खोली सुमारे ४५ सेंमी. असते, हे लक्षात घेतल्यास या फरकाचा अर्थ कळतो. अंतर काढण्यासाठी ‘मिल’ हे कोनाचे माप वापरतात. अंतराच्या हजाराव्या भागाएवढी लांबी एका मिलात दिसते. म्हणून ४५ सेंमी. छाती दुर्बिणीतील रेषांवर दीड मिल भरली, तर अंतर ३०० मी. होय. अर्थात जनावर लहान चणीचे असले, तर हा हिशेब फसतो.

वाऱ्यासाठी अमेरिकी सैन्यातील एक जुना ठोकताळा आहे : शेकडा यार्डांतील अंतराला ताशी मैलांतील वेगाने गुणून १० ने भागावे, उत्तर कोनाच्या कलांत येते. उदा., ३०० यार्डांवर आडवा वारा ताशी १० मैल असल्यास ३ कला, म्हणजे सुमारे ९ इंच.

डोंगरउतारावरील चूक अधिक फसवी असते. नेम वर असो वा खाली, गोळीचे उतरणे मुख्यतः आडव्या अंतरावर अवलंबून असते. ३० अंशांच्या उतारावर ४०० मी. दूर असलेल्या मेंढ्यासाठी ३४६ मी.चाच हिशेब धरावा लागतो. तसे न केल्यास गोळी पाठीवरून निघून जाते. खाली पाहून झाडताना ती आणखी खाली जाईल, असे नवख्याला हमखास वाटते.

१९६० मध्ये लेसरचा शोध लागला व १९९० नंतरच्या दशकात हातात मावणारे लेसर अंतरमापक शिकाऱ्यांना मिळू लागले. पुढे तापमान, उंची व उतार यांचे गणितही यंत्रच करू लागले. अंतराचा प्रश्न त्यामुळे सुटला. वाटेतील वारा मात्र यंत्राला दिसत नाही. शिवाय ५०० मी. जाण्यास गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल पुढे टाकते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ने जनावराला निसटण्याची संधी देणाऱ्या न्याय्य शिकारीचे तत्त्व रूढ केले. अतिदूरची नेमबाजी या तत्त्वात कितपत बसते, हा तेथील शिकाऱ्यांमधील वाद आहे.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर हौशी शिकार संपुष्टात आली. मार्खोर हा प्राणी आता या कायद्यानुसार संरक्षित असून प्रस्तुत गणिताचा उपयोग येथे चांदमारीच्या मैदानापुरता उरला आहे.