फाशीच्या वाटेवरचा चित्रफलक

रोम शहरात १४८८ साली एक आगळा बंधुसंघ स्थापन झाला. हेरोदाच्या आज्ञेने ज्यांचा शिरच्छेद झाला, त्या संत योहान बाप्तिस्ताचे नाव त्याने धारण केले होते. देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्याला अखेरच्या रात्री सोबत करणे, हे या संघाचे व्रत. काळे झगे घातलेले हे बंधू रात्रभर कैद्यापाशी बसत, त्याला पापनिवेदनासाठी तयार करीत आणि सकाळी वधस्थानाकडे निघताना एक लहानसा रंगवलेला लाकडी फलक त्याच्या डोळ्यांपुढे धरीत. फलकावर प्रभूच्या दुःखसहनाचे चित्र असे. मरणाऱ्याची दृष्टी फासावर न पडता तारणाऱ्यावर खिळून राहावी, हा हेतू. मागाहून प्रेताला मूठमातीही तेच देत. थोर शिल्पकार मायकेलएंजेलो या संघाचा सदस्य होता. पुढे या संघाला दरवर्षी एका दंडिताला मुक्त करण्याचा अधिकारही मिळाला.

ही दया खरी होती, यात शंका नाही. परंतु ज्या फासापासून कैद्याची दृष्टी वळवली जाई, तो फास कोणाचा होता? रोमचे पोप त्या काळी केवळ आध्यात्मिक गुरू नव्हते. ते मध्य इटलीतील एका राज्याचे अधिपती होते. त्या राज्याला न्यायालये होती, तुरुंग होते आणि जल्लादही होता. त्यांपैकी जोवान्नी बात्तिस्ता बुगात्ती याचे नाव इतिहासात राहिले. योगायोग असा की, शिरच्छेद झालेल्या त्याच संताचे नाव या जल्लादाला मिळाले होते! एरवी छत्र्यांचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थाने १७९६ पासून १८६४ पर्यंत ५१६ जणांचा देहान्त केला आणि त्याची नोंद स्वतःच ठेवली. मधली काही वर्षे रोमवर फ्रेंचांचा अंमल होता, हे खरे. पण बाकीचा काळ तो पोपच्या राज्याचाच सेवक होता. वृद्धापकाळी पोप नववे पायस यांनी त्याला निवृत्तिवेतन दिले.

हे वाचून आपले मन अस्वस्थ होते, आणि ते व्हायलाच हवे. मात्र त्या काळच्या धर्मपंडितांपाशी उत्तर नव्हते, असे नाही. राज्यकर्ता व्यर्थ तलवार धारण करीत नाही, हा रोमकरांस पत्रातील पौलाचा विचार त्यांच्यापुढे होता. शरीर वाचवण्यासाठी सडलेला अवयव कापावा, तसा समाजाच्या हितासाठी घातकी मनुष्य दूर करणे योग्य, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात प्रतिपादले होते. ज्या काळी गुन्हेगाराला जन्मभर सुरक्षित कोंडून ठेवण्याची व्यवस्था फारशी नव्हती, त्या काळी या दृष्टान्ताला वजन होते.

परंतु त्याहून आठ शतके आधी ख्रिस्तसभेत एक वेगळा आवाजही उमटला होता. उत्तर आफ्रिकेत डोनाटस पंथाच्या काही लोकांनी एका धर्मगुरूची हत्या केली आणि दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडले. गुन्हेगारांनी कबुली दिली. तेव्हा संत ऑगस्टिन यांनी रोमन अधिकारी मार्सेल्लिनस याला पत्र लिहून विनवले, की यांना शासन जरूर करावे. पण जिवास जीव आणि अवयवास अवयव असा सूड घेऊ नये. येथे ज्यांचे रक्त सांडले, ते ऑगस्टिन यांचेच सहकारी होते. म्हणून या विनवणीला मोल आहे. ज्याची जखम ओली आहे, त्याचा हा शब्द आहे.

हा आवाज पुढे क्षीण झाला. मिलानच्या चेझारे बेक्कारिया याने १७६४ साली मृत्युदंडाविरुद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा १७६६ साली तो रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेला. त्याच विचाराने प्रभावित झालेल्या तोस्काना राज्याने १७८६ साली ही शिक्षा रद्द केली. कॅथलिक पोर्तुगालने १८६७ साली साध्या फौजदारी गुन्ह्यांपुरती ती काढून टाकली आणि १८७० साली हा नियम आपल्या वसाहतींनाही लागू केला. गोवा त्यांतच आला. त्याच १८७० च्या जुलै महिन्यात पोपच्या राज्यातील अखेरचा शिरच्छेद पालेस्त्रिना गावी झाला. दोनच महिन्यांनी ते राज्य लयास गेले.

तरी कायदा मागे उरलाच. १९२९ साली व्हॅटिकन नगरराज्य निर्माण झाले, तेव्हा पोपच्या हत्येच्या प्रयत्नाला तेथे मृत्युदंड ठेवण्यात आला. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली तो रद्द केला. पुढे बाराच वर्षांनी, १३ मे १९८१ रोजी, संत पेत्राच्या चौकात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हल्लेखोराला इटलीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. १९८३ च्या नाताळानंतर दोन दिवसांनी पोपमहोदय त्याच्या कोठडीत जाऊन त्याच्या शेजारी बसले. त्याच पोपमहोदयांनी १९९५ च्या ‘जीवनाची सुवार्ता’ या परिपत्रकात काइनाची कथा पुन्हा सांगितली. काइन खुनी होता. पण त्याला कोणी मारू नये म्हणून देवाने त्याच्यावर खूण केली. पुढे २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथात दुरुस्ती करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला.

आपल्या देशात हा दंड कायद्यात आहे. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो ‘विरळातील विरळ’ प्रसंगापुरता मर्यादित केला. एखादी क्रूर घटना घडली की ‘फाशी द्या’ हा घोष रस्त्यावर उठतो, आणि आपणही त्यात सूर मिसळतो. मृताच्या आईचा आक्रोश खोटा नसतो. तिला न्याय मिळालाच पाहिजे, समाजाला संरक्षण मिळालेच पाहिजे. प्रश्न इतकाच, की तिच्या डोळ्यांतले पाणी दुसऱ्या आईच्या डोळ्यांत आणल्याने पुसले जाते काय?

बंधुसंघाने तो फलक कैद्यासाठी रंगवला होता. पण त्यामागे वधस्थान झाकले गेले ते केवळ कैद्याच्या नजरेपासून नव्हे. फलक धरणाऱ्या भाविकांनाही ते दिसेनासे झाले. वास्तविक त्या चित्रात जो क्रूसावर होता, तो स्वतःच राज्यकर्त्याच्या आज्ञेने देहान्त शासन झालेला कैदी होता. शतकानुशतके तो फलक हाती धरूनही हे नीट पाहण्यास आपल्याला फार उशीर झाला.